उजव्या सीटवर

१

झापडं घाण्याच्या बैलाला लावतात, वैमानिकाला नाही, असं मी भर बैठकीत म्हणाले. सगळे हसले. मोठे सरही हसले आणि हसता हसता त्यांनी मान हलवली, तेव्हाच मला कळलं की वस्तू घेऊन झाली आहे. मोठे सर म्हणजे आमच्या विमान शिकवणाऱ्या शाळेचे प्रमुख. ते सल्ला विचारतात तेव्हा निर्णय झालेला असतो, आपण फक्त हो म्हणायचं असतं.

वस्तू म्हणजे व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा संच. खोलीच्या मध्यावर एक खुर्ची, तिच्यासमोर विमानाची दांडी, बाजूला इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचं थ्रॉटल, पायाशी पेडल, आणि छतावरून लोंबणाऱ्या केबलच्या टोकाला ते डोळ्यांवर चढवायचं झापड. तोवर आमच्याकडे जुना सिम्युलेटर होता, त्याला आम्ही डबा म्हणायचो. पत्र्याची बंद केबिन, समोर तीन पडदे, आत शेजारी शेजारी दोन सीट. डबा कुरूप होता, पण त्यात शिकणारा माझ्या डाव्या हाताला बसलेला असायचा. त्याची नजर कुठे आहे, खांदे कधी आखडतायत, हे मला दिसायचं. मी बरीच वर्षं उजव्या सीटवर बसून शिकवते आहे, आणि शिकवणं म्हणजे निम्मं तरी तेच असतं.

"मॅडम, आधी बसून तर बघा," आमचा तंत्रज्ञ म्हणाला. त्याच्या खिशात कायम स्क्रू खुळखुळत असतात, म्हणून सगळे त्याला स्क्रूच म्हणतात. "नावं ठेवायला अख्खा दिवस पडलाय."

बसले. त्याने झापड चढवलं, पट्टा आवळला, आणि मी खोलीतून नाहीशी झाले. सकाळचं ऊन पंखावर पडलं होतं. वळताना मी मान मागे वळवली तर पंखाच्या टोकापलीकडे धावपट्टी दिसली. डब्यात तिथे पडदा संपायचा आणि पत्रा सुरू व्हायचा. वळणात मान वळवून पट्टी बघणं ही गोष्ट मी इतकी वर्षं नुसती तोंडाने शिकवत होते. जमिनीजवळ आले तेव्हा तर मी खरोखर पाय आखडून घेतले, कारण जमीन किती खाली आहे ते अंगाला कळत होतं. सपाट पडद्यावर ते कधीच कळलं नव्हतं.

झापड काढून मी म्हणाले, "बरं आहे."

"मॅडमनी 'बरं आहे' म्हटलं म्हणजे पेढेच वाटायला हवेत," स्क्रू म्हणाला.

खोट काढायचीच तर भरपूर होती. त्यात स्वतःचे हात दिसत नाहीत, कॅमेरा अंदाजाने त्यांच्या जागी करडे हातमोजे दाखवतो. डोळ्यांना दिसणारं बटण हाताला दुसरीकडेच लागतं. मांडीवरच्या कागदावर दोन आकडे टिपून घ्यायची सोय नाही. नाकावर घाम येतो, कित्येकांना मळमळतं, आणि पहिल्याच आठवड्यात एकाने कचऱ्याच्या डब्याचा आसरा घेतला. विमान आपटलं तरी काही होत नाही, पुन्हा तेच ऊन आणि तीच पट्टी. त्यात मरता येत नाही हा त्याचा गुणही आहे आणि अवगुणही.

आणखी एक खोट होती, पण ती तेव्हा माझ्या लक्षात आली नाही. झापड लावलेल्या माणसाला खोलीत कोण आहे ते दिसत नाही.

२

चिमणी माझी भाची, थोरल्या ताईची धाकटी. लहानपणी सतत चिवचिवायची म्हणून ते नाव पडलं आणि एवढी मोठी झाली तरी सुटलं नाही. शाळेत मला मॅडम म्हणायचं आणि घरी मावशी, असा आमचा करार होता. घाबरली की ती तो मोडायची.

तिला विमानाशिवाय दुसरं काही नको होतं. ताई तयार नव्हती. "माझ्या हाताखाली राहील, मी आहे ना," असं म्हणून मीच ताईला राजी केलं होतं. आकाशात पोरगी विमान देखणं चालवते. पण धावपट्टी जवळ आली की हातपाय गाळते. उतरताना अगदी शेवटी दांडी हलकेच ओढून विमानाचं नाक उचलायचं असतं, मग मागची चाकं अलगद टेकतात. लवकर ओढलं तर विमान तरंगतं आणि धपकन पडतं. उशीर झाला तर नाक आपटतं. चिमणी कधी हे करायची, कधी ते, आणि कधी काहीच न करता बघत राहायची. मग माझा हात पुढे व्हायचा.

"मावशी, जमीन अंगावर येते गं."

"जमीन जागची हलत नाही. आपणच जातो तिच्यावर."

"ते मला कळतं. हाताला कळत नाही."

मोठ्या सरांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "बाकी सगळ्यांनी एकट्याने विमान उडवून उतरवलं. ही तेवढी राहिली. या तुकडीबरोबर झालं नाही तर मी तिला घरी पाठवणार. तुमची भाची आहे म्हणून थांबलो, तुमची भाची आहे म्हणूनच आणखी थांबणार नाही." बोलणं कडू होतं, पण खोटं नव्हतं. त्यातच आमच्या शिकाऊ विमानाचं इंजिन खोललं गेलं आणि विमान वर्कशॉपमध्ये जाऊन बसलं. चिमणीला सरावाला राहिलं फक्त झापड.

मी काचेपलीकडच्या खोलीतून मोठ्या पडद्यावर तिचा सराव बघायचे. तिला जे दिसतं तेच त्या पडद्यावर दिसतं. तिच्याशी बोलायचा हेडफोन मात्र मी लावत नसे. लावला की माझं तोंड सुरू होतं, "नाक बघ, वेग बघ, अगं बघ," आणि पोर आणखी गांगरते. मोठ्या सरांनीच सुचवलं होतं, की मॅडम, काही दिवस गप्प राहून बघा.

मी गप्प राहिले आणि चमत्कार झाला. पहिले दोन-तीन दिवस विमान पडलं, आपटलं, गवतात गेलं. मग एके दिवशी ते उतरलं. दुसऱ्या दिवशी त्याहून छान उतरलं. आडवा वारा लावला, तरी उतरलं. एक पंख जरासा खाली, नाक पट्टीच्या रेषेत, एक चाक आधी आणि दुसरं मागून, इतक्या हलकेच की पडद्यावरचं चित्र थरथरलंसुद्धा नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ताईला फोन करून सांगितलं, "तुझ्या लेकीचे हात बघत राहावे असे आहेत." ताई फोनवर रडली. झापडाला नावं ठेवल्याबद्दल मी स्क्रूची माफी मागितली, तीही चारचौघांत.

३

आमच्या धंद्यात एक नियम आहे, आणि तो आम्ही मंत्रासारखा घोकून घेतो. दोन माणसं, दोन दांड्या, विमान एक. विमान कोणाच्या हातात आहे याबद्दल क्षणभरही शंका राहता कामा नये. म्हणून देणारा म्हणतो, "कंट्रोल तुझ्याकडे." घेणारा दांडीला हात लावून म्हणतो, "माझ्याकडे." ते कानाने ऐकल्यावरच देणारा पुन्हा म्हणतो, "तुझ्याकडे," आणि मगच हात सोडतो. उत्तर आलं नाही तर हात सोडायचा नाही. शिकणारा मोठा साहेब असो की माझी भाची.

हा नियम इतका अंगात भिनतो की घरीदारी सुटत नाही. माझ्याकडे चिमणी राहायला आल्यापासून उकळत्या दुधाचं पातेलंही आम्ही तसंच एकमेकींच्या हातात देतो. ताई आली की म्हणते, "तुम्हा दोघींना डॉक्टरला दाखवायला हवं."

चिमणी जेवायला गेलेली असताना एका दुपारी मी एकटीच झापड लावून बसले. पोरीला एवढं जमलंय तर आपणही आडव्या वाऱ्यात उतरवून बघावं, असा थोडा हेवाच होता म्हणा. धावपट्टीकडे शेवटचं वळण घेतलं आणि नाकाला खाज सुटली. झापडाखाली बोट जात नाही. मी सवयीने उजवीकडे तोंड करून म्हणाले, "कंट्रोल तुझ्याकडे," दांडी सोडली आणि झापड वर केलं.

नाक खाजवलं. खोलीत एसीची घरघर, केबलचं वेटोळं, खिडकीतून आलेलं दुपारचं ऊन. समोरची दांडी सरळ उभी होती. आपल्या मूर्खपणाचं हसू आलं. रिकाम्या जागेच्या हातात विमान देणारी शिक्षिका!

झापड खाली केलं तेव्हा विमान गवतात असायला हवं होतं. ते धावपट्टीच्या बरोबर रेषेत होतं. वाऱ्याच्या बाजूचा पंख जरासा खाली होता. मी हात लावायच्या आतच नाक उचललं गेलं आणि चाकं टेकली.

मी झापड काढून ठेवलं. मग स्वतःला समजावलं. नीट संतुलित केलेलं विमान थोडा वेळ आपलं आपण उडतंच, हे मीच शिकवते. पण आपलं आपण उतरत नाही, हेही मीच शिकवते.

स्क्रूला विचारलं, "यात ऑटोपायलट आहे का रे?"

"या विमानात कुठला? खऱ्यात नाही म्हणून यातही नाही."

"आणि उजवी सीट?"

"ती नुसतं चित्र आहे मॅडम. तिकडची दांडी डावीच्या बरोबर हलते, बस. एकच खुर्ची जोडलीय."

"मग वारा लागला नसेल."

"लावलाय की. हे काय, जोरातच लावलाय." त्याने खिशातले स्क्रू खुळखुळवले. "का हो?"

"काही नाही," मी म्हणाले.

४

विमान दुरुस्त होऊन येणार अशी बातमी आली त्या सकाळी मी चिमणीच्या सरावाला पहिल्यांदा हेडफोन लावला. बोलायचं नाही, फक्त ऐकायचं, असं ठरवून. पोरगी इतकं छान उतरवते, तर त्या वेळी तिचा श्वास कसा चालतो ते मला ऐकायचं होतं. घाबरलेला शिकाऊ श्वास धरतो.

ती श्वास धरत नव्हती. गुणगुणत होती. शेवटचं वळण झालं, धावपट्टी पडद्यावर मोठी होऊ लागली, आणि ती अगदी सहज, पातेलं द्यावं तसं म्हणाली, "कंट्रोल तुझ्याकडे."

मग थांबली. फार नाही, कोणी उत्तर द्यावं एवढंच.

"तुझ्याकडे," ती म्हणाली.

माझ्या हेडफोनात मधलं उत्तर आलं नव्हतं. पण ते ऐकल्याशिवाय चिमणी तिसरं वाक्य बोलणार नाही, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं. मीच तिला तसं घडवलं होतं.

हेडफोन तसाच टाकून मी तिच्या खोलीत गेले. दार उघडल्याचं तिला कळलं नाही. ती आरामात टेकून बसली होती आणि तिचे दोन्ही हात मांडीवर होते. दांडी कोणी हात न लावलेल्या वस्तूसारखी सरळ उभी होती. काचेपलीकडच्या पडद्यावर विमानाचं नाक हळूहळू उचललं जात होतं. चाकं टेकली. तसं सुंदर लँडिंग मी आमच्या शाळेत कोणाकडून पाहिलं नव्हतं, माझ्याकडूनही नाही. माझ्या मनात पहिला विचार तोच आला, भीती मागून आली.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती दचकली आणि तिने झापड काढलं.

"तू इकडे कशी? आत्ता तर तिकडून बोललीस."

"काय बोलले?"

"'माझ्याकडे' म्हणालीस ना. रोज म्हणतेस तसं." ती माझ्याकडे बघत राहिली. "मावशी, त्या काचेमागे दांडी आहे ना तुझ्याकडे? शेवटचं तूच उतरवतेस ना? मला वाटलं, तू मला दाखवतेयस कसं करायचं. पहिल्यांदा नीट उतरलं त्या दिवशी मी घाबरून सवयीने म्हणाले, तर तू लगेच घेतलंस. मला इतकं बरं वाटलं होतं."

काचेमागे दांडी नव्हती. वारा कमी-जास्त करायची बटणं तेवढी होती. 'ती मी नव्हते' म्हणावं तर पोरीच्या पायाखालची जमीनच जायची, आणि तिला आधीच जमिनीची भीती. त्याहून मोठी गोष्ट अशी, की तिने इतक्या दिवसांत एकदाही स्वतः विमान उतरवलं नव्हतं. मी मात्र ताईला फोन करून मोकळी झाले होते.

"यापुढे तूच उतरवायचंस," मी एवढंच म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला.

५

चिमणीला मी चहाला पिटाळलं आणि खोलीचं दार आतून लावलं. खिडकीतून समोरचं कँटीन दिसतं. ती रांगेत उभी राहीपर्यंत मी बघत राहिले. मग हेडफोन लावून झापड चढवलं.

सगळं नेहमीचं होतं. ऊन, पंख, इंजिनाचा एकसुरी आवाज. मी उजवीकडे बघितलं नाही. वळण घेतलं, पट्टी समोर आली. मी म्हणाले, "कंट्रोल तुझ्याकडे."

"माझ्याकडे," चिमणी म्हणाली.

तिचाच आवाज. शब्दाच्या शेवटी तो थोडा वर जातो, तसा गेलाही. मी झटकन झापड वर करून खिडकीकडे बघितलं. चिमणी कँटीनच्या दारात कप हातात धरून कोणाशी तरी हसत होती.

दाराची कडी जागच्या जागी होती. खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. हेडफोनमध्ये विमानाचं इंजिन चालूच होतं, आणि त्या आवाजाखाली आणखी एक बारीक आवाज होता. फोमच्या सीटवर कोणी बसल्या जागी जरा सरकावं तसा. मी स्वतःला म्हणाले, मशीन आहे, आवाज साठवत असेल, तुकडे जोडत असेल. स्क्रूला सांगून पुसून टाकू. भुताखेतांची मला कधी सवय नव्हती, या वयात नवी कशाला लावून घ्या?

झापड पुन्हा खाली केलं आणि मान थोडी उजवीकडे वळवली. त्यात बाजूचं आपोआप दिसत नाही, जितकी मान वळवाल तितकंच दिसतं. मी अर्धीच वळवली. उजवी दांडी दिसली आणि तिच्यावर हात दिसला. करडा हातमोजा नव्हे, हात. अंगठा आणि दोन बोटं, बस. मुठीने दांडी धरणाऱ्याला मी पहिल्याच दिवशी ओरडते, 'मिठाची चिमूट धरावी तशी धर.' तो हात तसाच धरून होता. ती ढिलाई, ती तयारी, ते काहीही न करता सगळं करणं! मी जन्मभर जे शिकवायचा प्रयत्न करत आले ते तिथे होतं, मनगटापर्यंत.

मनगटाच्या पुढे मी मान वळवली नाही. धावपट्टीकडे बघत बसून राहिले आणि त्या हाताने मला खाली उतरवलं.

६

दुसऱ्या दिवशी खरं विमान आलं. मोठे सर म्हणाले, "मॅडम, आजच उरकून टाका. एक फेरी तुम्ही बरोबर जा. नीट उतरवलं तर पट्टीच्या टोकाला तुम्ही उतरा आणि तिला एकटी सोडा. सगळे म्हणतायत पोरगी काय उतरवते! मलाही बघू दे."

मी नाही म्हणू शकले असते. पण काय कारण देणार होते? शिवाय रात्रभर मी एक हिशोब मांडला होता आणि तो मला पटला होता. जे काही होतं ते त्या खोलीत होतं, केबलच्या टोकाला. खऱ्या विमानात उजवी सीट नुसतं चित्र नसते. तिथे मी बसणार होते, चांगली भरभक्कम. पोरीने घाबरून हात सोडला तर माझा हात आहे. आणि तिने स्वतः उतरवलं तर सुंठीवाचून खोकला गेला.

"आज मी दांडीला हात लावणार नाही," विमानात बसताना मी तिला सांगितलं. "काही झालं तरी. तू म्हणालीस तरी उत्तर देणार नाही. कळलं?"

"कळलं, मॅडम."

स्वच्छ ऊन होतं. वारा थोडा आडवा. चिमणीने विमान उचललं, फेरी घेतली, वळणात मान मागे वळवून पंखापलीकडे पट्टी बघितली. झापडाने तिला हे शिकवलं होतं, आणि छान शिकवलं होतं. मला तिचा अभिमान वाटला. शेवटचं वळण झालं. माझे दोन्ही हात मांडीवर एकमेकांत गुंतवलेले होते, आणि मी ते मुद्दाम घट्ट धरून ठेवले होते.

जमीन वर येऊ लागली. चिमणीचा श्वास थांबला. तिचे खांदे आखडले.

"कंट्रोल तुझ्याकडे," ती पुटपुटली.

मी ओठ मिटून घेतले.

"मावशी, कंट्रोल तुझ्याकडे!"

मी गप्प. मनात म्हणत होते, ओढ, बाळ, आता हलकेच ओढ, तुला येतं. अजून क्षणभर वाट बघायची, मग सगळं खुंटीला टांगून मी हात घालणार होते.

चिमणीचे खांदे खाली आले. तिने सुटकेचा श्वास सोडला.

"तुझ्याकडे," ती म्हणाली, आणि तिने दांडीवरून हात काढला.

माझ्या मांडीसमोरची दांडी मागे आली. नाक उचललं गेलं. वाऱ्याकडचं चाक टेकलं, मग दुसरं, आणि मग नाक असं खाली आलं जसं झोपलेल्या पोराचं डोकं उशीवर ठेवावं.

"किती सुंदर उतरवलंस गं," चिमणी म्हणाली. मग तिची नजर माझ्या मांडीवरच्या हातांवर गेली.

७

रेडिओवर मोठे सर म्हणाले, "वा! झकास. आता थांबा, आणि मॅडम, तुम्ही उतरा. एकटी जाऊ दे तिला."

विमान पट्टीवर धावत होतं, वेग कमी होत होता. पेडल माझ्या पायाखाली हलत होती. डावं, उजवं, जराजरासं, विमान रेषेत ठेवण्यापुरतं.

"ब्रेक लाव," मी चिमणीला म्हणाले.

"मी? तुझ्याकडे आहे ना?"

"माझ्याकडे नाही. मी बोलले नाही. मी काहीच बोलले नाही, चिमणे. ते मी कधीच नव्हते." हे तिला आधी सांगायला हवं होतं. मला वाटलं होतं, तिचा धीर सुटेल. आता ती इतकी पांढरी पडली की तिला कुशीत घ्यावं असं वाटलं. पण हात दुसऱ्या कामाला हवे होते.

मी दांडी धरली आणि मोठ्याने म्हणाले, "कंट्रोल माझ्याकडे." चिमणीनेही तिची दांडी दोन्ही हातांनी धरली. दांडी अडली नाही, खेचाखेचही केली नाही. नवशिका घाबरून चिकटला की मी जशी हलकेच धरून ठेवते आणि सोडत नाही, तशी ती आमच्या हातांत राहिली. पेडलवर पाय दाबले, तर तीही तशीच.

आणि मग कानात उत्तर आलं, "माझ्याकडे." चिमणीच्या आवाजात.

मी तिच्याकडे बघितलं. तिचे ओठ मिटलेले होते. तीही माझ्या तोंडाकडे बघत होती, भेदरून, म्हणजे तिला ते माझ्या आवाजात ऐकू आलं असावं. आम्ही दोघी एकमेकींच्या मिटलेल्या ओठांकडे बघत असतानाच आमच्या मधलं थ्रॉटल पुढे सरकलं. एका दमात पूर्ण नाही. आधी थोडं, इंजिनाने आवाज धरेपर्यंत, मग उरलेलं. बरोबर तसंच करायचं असतं.

"अहो, थांबायचं होतं ना?" रेडिओवर मोठे सर हसत म्हणाले. "बरं, जाऊ द्या, मारा आणखी एक फेरी. काय हात आहे पोरीचा!"

"मावशी," चिमणी म्हणाली, "आता काय करायचं?"

तिच्या आईला मी शब्द दिला होता. मी दांडी सोडली, कारण तिचा काही उपयोग नव्हता, आणि दोन्ही हातांनी पोरीला धरलं. तिने डोळे मिटून माझ्या खांद्यात तोंड खुपसलं. पट्टीच्या कडेचे दिवे मागे पळत होते. मी माझ्या सीटवर होते, ती तिच्या सीटवर होती, आणि विमानात तिसरी सीट नव्हती. चाकं जमिनीवरून कधी सुटली ते मला कळलंसुद्धा नाही, इतक्या हलकेच ती सुटली, आणि खोटं कशाला बोलू, तसं उड्डाण मला जन्मात कधी जमलं नव्हतं.